एकाचे पाच

१२ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे जितकं असू शकतं तितकं. हे फोनवर सांगायचं म्हणून दोनदा नंबर फिरवला. पण दादाचा विषय निघाला की तुम्ही रडता, मग मी रडते, आणि आई आतून विचारतात, "कोण गेलं गं?" चार महिने झाले तरी त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. हल्ली मी सांगत नाही. "कामावर गेलेत" म्हणते. त्यांना ते पटतं.

तर शेअरचं काम एकदाचं मार्गी लागलं. ह्यांच्या खात्यातलं सगळं माझ्या नावावर आलं. मृत्यूचा दाखला किती ठिकाणी दिला त्याची गणतीच सोडली. एका खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मूळ प्रत आणा, आणि त्यांची सही लागेल." म्हटलं, दाखला कशाचा आणलाय ते तरी वाचा. मग ओशाळला बिचारा.

ह्यांची निळ्या पुठ्ठ्याची वही तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच बांधून दिली होती. तिच्यात पंपवाल्या कंपनीच्या पानावर लिहिलंय, "शंभर छोटीचे. विकायचे नाहीत. तिला जागेसाठी लागतील." तुम्हाला अजूनही छोटीच म्हणायचे ते. ते शंभर मी तुम्हाला देणार, अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही. बाकीचे आमचे, ते घराला आणि तुमच्या भाचीच्या शिक्षणाला ठेवते. त्यांनी शेअरसाठी तुमचंही खातं मागेच उघडून ठेवलंय ना? त्याचा नंबर कळवा.

एक मात्र वाईट बातमी आहे. गेल्या वर्षी हे म्हणायचे, एकेक शेअर दोन हजारांच्या वर गेलाय. भाचीनं मला मोबाईलवर भाव बघायला शिकवलं, तर चारशे तीस! बाजार पडला म्हणतात तो हाच असावा. कुणाला विचारलं नाही मी. बाईमाणसानं असलं काही विचारलं की समोरचा आधी हसतो आणि मग समजावतो, आणि सध्या मला हसून घ्यायची ताकद नाही. बावीस वर्षं हे सकाळच्या चहाला "वर गेला, खाली आला" करायचे आणि मी समजायचे, पारा.

लॉन्ड्रीत मला परत वाफेच्या इस्त्रीवर घेतलं. उभ्याचं काम आहे, पण डोकं रिकामं राहत नाही हे बरं.

तुमची,
वहिनी


२५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दुकानात बसून वाचलं आणि खळीचा हात कागदाला लागला, आता ते पत्र माझ्या टेबलाला कायमचं चिकटलंय असं समज.

तू लिहिलंस म्हणून बरं झालं. मी स्वतः कधी मागितलं नसतं. सहा वर्षांपूर्वी मला ती चौदाशे रजिस्टरं बांधायची ऑर्डर मिळाली होती, आठवतं? बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडली होती. ते पैसे दादाकडे नेऊन दिले. म्हटलं, तुला कळतं, तू लाव. तो म्हणाला, "मलाही कप्पाळ काही कळत नाही. पण आपल्या इमारतीच्या टाकीवर ह्यांचा पंप आहे, अठरा वर्षांत एकदा बिघडलेला नाही. जो एवढा पंप बनवतो तो बुडणार नाही." तेवढ्यावर माझे शंभर आणि स्वतःचे थोडे त्यानं घेतले.

गेल्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला होता. "छोटे, तुझ्या शंभराचे दोन लाखांच्या वर झालेत. डोळे मिटून जागा घे." कारण माझ्या दुकानाचा मालक जागा विकतोय. आधी मला विचारलं, एवढी माणुसकी दाखवली. मेअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. बाकीचे मी जमवलेत, दोन लाख कमी पडतात. ते होतील या भरवशावर निर्धास्त होते.

भाव पडला म्हणतेस. बघू. तुझा त्यात काय दोष? तू फक्त माझे शंभर माझ्या खात्यात टाक, पुढचं मी आणि बाजार बघून घेऊ. नंबर खाली लिहिलाय.

आईला म्हणावं, जागेचं उरकलं की आठवडाभर राहायला येते. आणि तू दुपारची जेवतेस का? खोटं लिहू नकोस.

तुझीच,
छोटी


२० एप्रिल

प्रिय वन्सं,

आज स्लिप भरून दिली. तीन वेळा भरली, कारण आकडा अक्षरात लिहिताना चुकत होते. "शंभर फक्त." चार दिवसांत तुमच्या खात्यात दिसतील म्हणाले.

तुमचं दोन लाखांचं वाचल्यापासून मला झोप नाही. शंभराचे आजच्या भावानं त्रेचाळीस हजार होतात. कुठे दोन लाख आणि कुठे हे. तुमचे दादा असते तर काहीतरी मार्ग काढला असता. मी रोज सकाळी भाव बघते, एखाद्या आजाऱ्याचा ताप बघावा तसा. कधी चारशे पस्तीस, कधी चारशे पंचवीस. दोन हजारांच्या जवळपास कुठेच नाही. मालकाला थोडं थांबायला सांगा ना. पडलेलं वर येतं म्हणतात.

आई आता भिंतीला धरून चालतात. परवा मला म्हणाल्या, "छोटीला पत्र टाक, तिला सांग थंडीचं येऊ नको." म्हटलं, आई, उन्हाळा आहे. तर म्हणाल्या, "मग ये म्हणावं."

दुपारची जेवते. खरंच.

वहिनी


९ मे

वहिनी यांस,

शंभर शेअर मिळाले. मोजून शंभर. तुमचा हिशेब चोख आहे, त्यात खोट काढायला जागा नाही.

भाव "पडल्याचं" तुम्ही दोनदा लिहिलंत. आमच्या कागदवाल्याला बाजारातलं चांगलं कळतं. त्यानं मला कागदपत्र बघून पंधरा मिनिटांत सगळं समजावून दिलं. आता मलाही समजलं. तुम्हाला तर आधीपासून समजलेलंच असणार, खातं तुमच्याच हातात होतं.

दादानं वहीत लिहिलं तेवढं तुम्ही दिलंत. दादाला काय म्हणायचं होतं ते त्याच्याबरोबर गेलं.

मालक थांबणार नाही. यापुढे याविषयी लिहू नये.

आईला नमस्कार.


२ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. जागा हातची चालली म्हणून तुमचं मन ठिकाणावर नाही, हे मला समजतं. एकदम "तुम्ही" वर आलात, त्याचं मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. रागच काढायचा तर माझ्यावर काढा, दुसरं आहे कोण? तुम्हाला बाजार समजला हे बरं झालं. मी अजून ढच आहे.

फोन उचलत नाही तुम्ही. सहा वेळा केला. म्हणून परत पत्र.

वन्सं, आई मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर छातीत कफ धरलाय. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत. मी त्यांना म्हटलं, माझा नवरा गेलाय, मला स्पष्ट ऐकायची सवय आहे. तर म्हणाले, "बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या."

पैशाची काळजी करू नका. ह्यांच्या शेअरमधले दोनशे विकले, दवाखान्याचं भागलं. भाचीच्या फीसाठी आणखी शंभर काढले. त्यासाठीच तर ठेवले होते त्यांनी.

आई रोज तुमची चौकशी करतात. दाराचा आवाज झाला की "छोटी?" म्हणतात. नर्सलाही छोटी म्हणतात. या ना. दोन दिवसांसाठी या. मालकाचं, जागेचं, शेअरचं, जे काही असेल ते इथे बसून बोलू.

वाट बघते.

वहिनी


१४ जून

वहिनी यांस,

तुमचं पत्र मिळालं. दोनशे विकले आणि वर शंभर. वाचून आनंद झाला. तुमच्याकडे विकायला पुष्कळ आहेत, तेव्हा आईच्या उपचारात कमी पडणार नाही याची खात्री वाटते.

जागा गेली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिकामी करायची आहे. कटिंग मशीनला गिऱ्हाईक बघतेय. एकोणीस वर्षं त्या खोलीत वह्या-पुस्तकांचे फर्मे शिवले. ती खोली मला मिळू शकली असती हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

येणं जमणार नाही. आणि एक विनंती. आईचं नाव पुढे करून मला बोलावू नका. आई माझ्यावाचून अडून राहणारी बाई नाही, तिनं आम्हाला तसं वाढवलेलं नाही. तिथे गोड बोलून आणखी कशावर सही हवी असेल तर कागद पोस्टानं पाठवा, करून देते.

दादा असता तर ही वेळ आली नसती.


११ जुलै

वन्सं,

आईंचं जास्त झालं तेव्हा तुमच्या शेजारच्यांकडे निरोप ठेवला होता, तो तुम्हाला पोचला असं त्यांनी सांगितलं. पुढचं लिहिते.

आई तीन तारखेला दुपारी गेल्या. त्रास झाला नाही. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाची वाट बघितली नाही. तुम्ही आला असतात तरी त्यांनी ओळखलं नसतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

त्यांच्या चार साड्या आणि चष्मा ठेवलाय. तुम्हाला हवं ते कळवा.

तुमच्या जूनच्या पत्राला उत्तर लिहायला पाच वेळा बसले. कुठल्या सहीबद्दल म्हणता ते मला समजलं नाही. मी काय केलं तेच मला समजत नाही. ओरडून सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

वहिनी


३० सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र फाडू नका. पूर्ण वाचा, मग फाडा.

फीचा दुसरा हप्ता आला म्हणून काल मी शेअरच्या ऑफिसात गेले, उरलेले विकायला. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं विचारलं, "काकू, हे कधी घेतले होते? त्यावर कर ठरतो." मी म्हटलं, शंभर आणि वीस सहा वर्षांपूर्वीचे, वहीत लिहिलंय. बाकीचे चारशे ऐंशी ह्यांनी मागाहून मला न सांगता घेतले असणार, कारण माझ्या नावावर आले तेव्हा खात्यात सहाशे होते.

तिनं संगणकावर बघितलं आणि म्हणाली, "त्यांनी मागाहून एकही घेतलेला नाही. एकशे वीसच होते. डिसेंबरात स्प्लिट झाला ना, एकाचे पाच."

मी म्हटलं, म्हणजे?

वन्सं, ती हसली नाही. कागद ओढून तिनं एक चौकोन काढला आणि त्याचे पाच भाग केले. म्हणाली, "शेअर फार महाग झाला की लहान माणसाला एकसुद्धा परवडत नाही. मग कंपनी प्रत्येकाचे लहान भाग करते. मोठ्या नोटेचे सुट्टे केल्यासारखं. नोटा वाढतात, पैसे तेवढेच. तुमच्याकडे एक होता तिथे पाच येतात, आणि प्रत्येकाचा भाव पाचवा हिस्सा होतो."

"मग भाव पडला तो?"

"पडलाच नव्हता काकू. तेव्हा दोन हजार एकशे पन्नास होता. भागा पाचानं."

मी बोटांवर भागलं. चारशे तीस.

पुन्हा भागलं, पुन्हा तेच. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला वाटलं माझं नुकसान झालं. मी तिला विचारलं, "एखाद्याचे जुने शंभर द्यायचे असतील तर आता किती द्यायचे?" ती म्हणाली, "पाचशे. उघड आहे." उघड आहे म्हणाली, वन्सं.

ह्यांनी वही लिहिली तेव्हा शंभर म्हणजे मोठे शंभर. ते नोव्हेंबरात गेले, डिसेंबरात सुट्टे झाले, आणि मी मार्चमध्ये त्या वहीतला आकडा वाचून तुम्हाला शंभर सुट्टे मोजून दिले. वर लिहिलं, अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही! घरी येऊन डिसेंबरचा टपालाचा गठ्ठा सोडला. सांत्वनाची पत्रं एकत्र बांधून ठेवली होती, सगळी उघडली नव्हती. त्यांच्यात कंपनीचं पाकीट होतं. स्वच्छ लिहिलंय सगळं. मी त्याला सांत्वनाचं समजून बांधून ठेवलं.

आता तुमचं मेचं पत्र वाचते तेव्हा प्रत्येक ओळ अंगावर येते. "मोजून शंभर." तुम्हाला तेव्हाच समजलं होतं. आणि तुम्हाला वाटलं मलाही समजतंय.

खरं काय ते लिहिते. सहाशेपैकी पाचशे तुमचे होते, आमचे शंभर. तुम्हाला शंभर दिले. शंभर भाचीच्या फीला गेले, ते आमचे धरा. आईंच्या दवाखान्याला गेले ते दोनशे तुमचे होते. उरलेले दोनशे आज तुमच्या खात्यात पाठवलेत. राहिले दोनशे. पगारातून दरमहा थोडे देत जाईन, वर्षं लागतील पण देईन. तुमची खोली मला देता येणार नाही. तिच्यासाठी काय करू ते सांगा, करते.

फक्त एक विचारते, आणि हक्क नसताना विचारते. एक ओळ का नाही लिहिलीत? "वहिनी, एकाचे पाच झालेत, बाकीचे चारशे कुठे?" एवढीच. मी त्याच दिवशी धावत गेले असते.

वहिनी


१८ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज कागद घेते आणि ठेवून देते.

तुझं बरोबर आहे. एक ओळ. मी ती मनात शंभर वेळा लिहिली, पण प्रत्येक वेळी वाटायचं, मी का मागू? तिनं आपणहून द्यायला हवं. कागदवाला म्हणाला होता, "विचारून तर बघा, चुकून झालं असेल." मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, चुकून कुणी "भाव पडला" असं दोन पत्रांत लिहितं? मला वाटलं तू मला खुळी समजून गोष्ट रचतेयस. तू मला इस्त्रीच्या घडीसारखी साधी माहीत होतीस, बावीस वर्षं माहीत होतीस, आणि पंधरा मिनिटांत मी तुला चोर ठरवलं. स्प्लिट कसा होतो ते मी त्या दिवशी अगदी बरोबर शिकले बघ. बाकी सगळं चुकीचं वाचलं.

हे मी मनात ठेवलं असतं तरी एक वेळ. मी सांगत सुटले. मावशीला, मामाला, शेजारी, गिऱ्हाइकांनासुद्धा. "भाऊ गेला आणि वहिनीनं खाल्लं." आता कुणाकुणाच्या तोंडातून ते परत काढू? मावशी त्यानंतर तुझ्याकडे फिरकली नसेल. ते माझं काम.

आता आईचं. तुझ्या निरोपानंतर मी बॅग भरली होती, वहिनी. तिकिटाचे पैसे वेगळे काढले होते. चपला घातल्या होत्या. मग वाटलं, दार तू उघडशील, आणि तुझं तोंड बघावं लागेल, आणि तू गोड बोलशील. तिथेच जिन्यात उभी राहिले. मग चपला काढल्या. तेवढंच झालं. बाकी काही नाही, दार उघडताना तुझं तोंड दिसेल म्हणून मी माझ्या आईला भेटायला आले नाही. दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला टेम्पो आला, तो मी उभी राहून भरून घेतला, आणि त्या वेळी ती तिथे

पुढचं लिहवत नाही.

तू पाठवलेले दोनशे मिळाले. राहिलेले दोनशे मागायचे नाहीत आणि तू द्यायचे नाहीत. आईच्या औषधाला माझं काही लागलं असेल तर तेवढंच, आणि तेही मी तुला शिव्या घालत असताना. त्याचे तू हप्ते पाडू नकोस गं. तेवढं राहू दे माझ्याकडे.

सध्या एका छापखान्यात शिलाईला जाते. दुसऱ्याच्या टेबलावर बसायची सवय होईल.

एक सांग. जुलैत तू लिहिलंस, शुद्ध नव्हती, कुणाचं नाव घेतलं नाही. जूनमध्ये लिहिलं होतंस, दाराचा आवाज झाला की छोटी म्हणते. तुला खोटं लिहिता येत नाही, हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं. आता ओळखते. ती कशी गेली ते मला सांग. मला वाचवू नकोस.

छोटी


२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

वाचवायचं नाही म्हणता, तर सांगते.

शुद्ध होती. शेवटपर्यंत होती. दिसत नव्हतं फारसं, आवाजही नीट कळत नव्हते, पण शुद्ध होती. तीन तारखेला मी कामावरून अर्ध्या पाळीनं निघाले आणि थेट दवाखान्यात गेले. दार ढकललं तसं त्या म्हणाल्या, "छोटी?" रोज मी म्हणायचे, "नाही आई, मी आहे." त्या दिवशी त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला, नुसत्या नावासाठी. आणि मला "नाही" म्हणवेना.

मी म्हटलं, "हो आई. आले."

त्यांनी विचारलं, "एवढा उशीर का केलास?" मी म्हटलं, "गाडी चुकली गं." मी त्यांना कधी "गं" म्हणाले नाही, वन्सं, बावीस वर्षांत कधी नाही. तुम्ही म्हणता, म्हणून म्हणाले. मग त्यांनी माझा हात चाचपला. वाफेनं पोळून पोळून माझी बोटं खरखरीत झालीत. त्या म्हणाल्या, "सुया टोचून घेतेस अजून." त्यांना तो तुमचाच हात वाटला.

बराच वेळ हात धरून होत्या. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "दादा गेला ना?" इतके महिने मी सांगत होते कामावर गेलेत, आणि त्यांना माहीत होतं. मला विचारायचं त्यांनी सोडलं होतं, तुमच्यासाठी ठेवलं होतं. मी म्हटलं, "हो आई, गेला." त्या म्हणाल्या, "तुझी वहिनी मला सांगत नाही. मी पण तिला कळू देत नाही."

आणि मग जे म्हणाल्या त्यासाठी मी जुलैत खोटं लिहिलं. तुम्ही आला नाहीत म्हणून तुम्हाला लागेल, हे एक. पण दुसरंही होतं. तुमच्या पत्रांवरून तुम्ही माझा तिरस्कार करता एवढं मला दिसत होतं, कारण माहीत नव्हतं. अशा वेळी हे लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, ही आईच्या तोंडून स्वतःचं सांगतेय. म्हणून गिळून टाकलं. आता तुम्ही विचारलंत, आणि ते माझं नाही, तुमचं आहे, म्हणून देते.

त्या म्हणाल्या, "वहिनीला कुणी नाही आता. तू मोठ्यानं बोलतेस, ती बोलत नाही. दमलीय फार. तू बघशील ना तिच्याकडे?"

मी तिथे बसले होते, माझ्याच हातात त्यांचा हात, आणि मला तुमच्या वतीनं उत्तर द्यायचं होतं. खाटेच्या पलीकडे तुमची भाची उभी होती, ती तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

मी "हो" म्हणाले, वन्सं. तुम्हाला न विचारता म्हणाले. त्यांनी हात सोडला, आणि थोड्या वेळानं गेल्या.

वहिनी